गाडीची झळाळी आणि वॅक्सची डबी

ॲक्सेसरीजच्या दुकानात वॅक्सच्या मांडणीसमोर उभा राहिलेला माणूस हमखास गोंधळतो. एका डबीवर ब्राझीलचं कारनौबा, शेजारच्या बाटलीवर सिंथेटिक सीलंट, तिसरीवर ‘हायब्रिड सिरॅमिक’, खालच्या फळीवर स्वस्तातल्या क्रीम पॉलिशच्या ट्यूबा. शिवाय नवी गाडी घेताना शोरूमवाल्यांनी गळ्यात घातलेलं टेफ्लॉन कोटिंग असतंच. मग दुकानदाराला प्रश्न एकच विचारला जातो: सगळ्यांत जास्त चमक कशानं येते? याचं खरं उत्तर दुकानदार सहसा देत नाही, कारण ते दिलं तर विक्री कमी होईल. चमक रंगाच्या पृष्ठभागात असते. वॅक्स ती टिकवतं, थोडी गहिरी करतं आणि रोजच्या धुळी-पाण्यापासून काही आठवडे किंवा महिने सांभाळतं. त्यामुळे कोणतं वॅक्स घ्यायचं हे ठरवायला डबीवरचा मजकूर फारसा उपयोगी पडत नाही. गाडीचा रंग कोणता, ती उभी कुठे राहते आणि तिला रोज कोण कशानं पुसतं, यावरून ते ठरवावं लागतं.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. गंजापासून वाचवणारा इलेक्ट्रोकोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा पातळ बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन होतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. आपण जिला गाडीची चमक म्हणतो ती या वरच्या थराची. तो सपाट असला की त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेनं परततो आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या बॉनेटमध्ये रेखीव दिसतात. त्यावर बारीक चरे असले की तोच प्रकाश सैरावैरा विखुरतो, प्रतिबिंबाच्या कडा विरतात आणि काळा रंग राखाडी वाटू लागतो. रंगाच्या प्रयोगशाळेत हे ग्लॉसमीटरनं मोजतात. जास्त चकाकणाऱ्या पृष्ठभागासाठी प्रकाश २० अंशांच्या कोनात टाकायचा आणि परतलेला प्रकाश काळ्या चकचकीत काचेशी ताडून पाहायचा. त्या काचेचं माप १०० धरलेलं असतं.

वॅक्सचा थर एका मायक्रॉनहूनही कमी जाडीचा. त्यातलं मेण आणि तेलं चऱ्यांमध्ये उतरतात, त्यांच्या कडा थोड्या बुजवतात, म्हणून वॅक्स पुसून काढल्याबरोबर गाडी उजळल्यासारखी दिसते. तो परिणाम खरा असतो, पण उथळ असतो. दोन-चार धुण्यांत तेल निघून गेलं की चरे पुन्हा वर येतात आणि मालकाला वाटतं, वॅक्स वाईट निघालं.

हे चरे येतात कुठून? आपल्या शहरांत तरी त्याचं उत्तर रोज सकाळी डोळ्यांसमोर असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक माणूस, एक बादली आणि एक फडकं यांवर पंधरा-वीस गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची माती बादलीत उतरते आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर फडक्यातून घासली जाते. उन्हात किंवा रात्री दिव्याखाली गडद रंगाची गाडी पाहिली की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल जाळी दिसते ती याचीच. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले दिव्याशी काटकोनात असलेलेच चमकतात, म्हणून ते गोलाकार भासतात. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका गाडीमागे महिन्याला काही शे रुपये, पाण्याची टंचाई आणि कामावर जाणाऱ्यांची घाई, एवढ्यातच त्याला सगळं उरकायचं असतं. पण हजार-बाराशेची वॅक्सची डबी विकत घेणाऱ्यानं त्याच्या हातात दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली दिली, महिन्याला थोडे पैसे वाढवले, तर डबीपेक्षा जास्त चमक त्यातून राहील. कोरडी धूळ कधीच पुसायची नाही, आधी पाण्यानं सैल करायची, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मे चरे टळतात.

वॅक्सबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती ज्या काळात तयार झाल्या, त्या काळातल्या गाड्यांवर क्लिअर कोट नव्हता. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखंच व्हार्निश लावलं जाई. ते वाळायला आठवडे लागत आणि उन्हानं ते पिवळं पडून तडकत असे. १९२३ मध्ये ड्युपाँट कंपनीचं ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आलं आणि रंगकामाचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. हा रंग पटकन वाळायचा, पण उन्हात त्याची पूड सुटायची, म्हणून त्याला वरचेवर घासून मेण लावावं लागे. शिकागोत सिमोनाइझसारख्या कंपन्या याच गरजेवर मोठ्या झाल्या. त्याच शहरात १९४० च्या दशकात बेन हर्श यांनी जो व्यवसाय सुरू केला, त्याचं पुढे टर्टल वॅक्स झालं. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा एकच मडगार्ड ते चमकवून ठेवत आणि मालक परत येईपर्यंत थांबत, असं त्या कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. विक्रीची ती युक्ती आजही परीक्षेसाठी वापरण्याजोगी आहे. बॉनेटच्या मधोमध रंग न उखडणारी चिकटपट्टी लावायची, एका बाजूला नवं वॅक्स, दुसरी तशीच, आणि मग पट्टी काढून उन्हात पाहायचं.

आपल्याकडे ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी यांचा काळ असाच एकथरी रंगाचा होता. त्या गाड्यांना पॉलिश लावलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. मृत झालेला वरचा रंग घासून काढायचा आणि खालचा ताजा रंग मेणानं झाकायचा, हा त्या काळचा बरोबर उपाय. वॅक्सपोलची डबी तेव्हा कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये असे. जुनी पद्मिनी किंवा विलीज जीप आजही जपून ठेवणाऱ्यांना हीच पद्धत लागू आहे. अडचण अशी, की ‘वर्षातून दोनदा रबिंग-पॉलिश मारून घ्यायचं’ हा त्या काळातला सल्ला क्लिअर कोटच्या गाड्यांनाही तसाच दिला जातो. रबिंग म्हणजे घासून थर काढणं. जड कंपाउंड आणि जोरात फिरणारं बफिंग मशीन एका बैठकीत काही मायक्रॉन क्लिअर कोट उडवतं, आणि अतिनील किरण अडवणारी द्रव्यं असतात ती याच थरात. दर सहा महिन्यांनी हे करत राहिलं तर पाच-सात वर्षांत छतावरचा आणि बॉनेटवरचा क्लिअर कोट पांढुरका होऊन पापुद्र्यांनी सुटू लागतो. त्यानंतर कुठलंही वॅक्स कामाचं नाही, पत्रा पुन्हा रंगवावाच लागतो. गॅरेजमध्ये ‘पॉलिश’ आणि ‘वॅक्स’ हे शब्द अदलाबदलीनं वापरले जातात, म्हणून गाडी देण्याआधी विचारून घ्यावं: तुम्ही थर काढणार आहात की थर देणार आहात?

आता कारनौबाकडे वळू, कारण नैसर्गिक मेणांत गाड्यांच्या जगात त्याचाच मान सर्वांत मोठा. ईशान्य ब्राझीलमधल्या सिआरा, पिआउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या कोरड्या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर हे मेण जमतं. दीर्घ कोरड्या ऋतूत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ही परत तयार करतं. पानं कापून उन्हात वाळवतात, मग झोडपून त्यांतली मेणाची भुकटी वेगळी काढतात, वितळवतात, गाळतात. कोवळ्या, अजून न उघडलेल्या पानांतून फिकट पिवळं, सर्वांत चांगल्या प्रतीचं मेण मिळतं. जून पानांतून निघालेलं गडद आणि कमी प्रतीचं. हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच. नैसर्गिक मेणांत इतकं कठीण मेण क्वचितच सापडतं. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या चकचकीत गोळ्यांवरही तेच असतं. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ई-९०३ असं लिहिलं असेल तर ते कारनौबा समजावं.

या ताडाची ओढ उद्योजकांना किती होती, याचं एक उदाहरण नोंदवण्यासारखं आहे. फरशीच्या पॉलिशसाठी प्रसिद्ध असलेल्या एस. सी. जॉन्सन कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन (धाकटे) १९३५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रासीनहून सिकोर्स्की एस-३८ या पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानानं थेट ब्राझीलमधल्या फोर्तालेझापर्यंत गेले. कच्चा माल पुढे पुरेल का, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये एआरडी या जर्मन वाहिनीनं कारनौबाच्या पानतोडीवर राबणाऱ्या मजुरांची हलाखी दाखवली: उघड्यावर झोपणं, पिण्याचं स्वच्छ पाणी नाही, शौचालय नाही. ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी अशा ठिकाणांहून मजुरांची सुटका केलेली आहे. डबीवर झाडाचं सुंदर चित्र असतं, पण माल कुठून आणि कोणत्या अटींवर आला याचा शब्द क्वचितच असतो. जो उत्पादक तो देतो, त्याला झुकतं माप द्यायला मला संकोच वाटत नाही.

डबीवर ‘१०० टक्के कारनौबा’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. शुद्ध कारनौबा हा कडक, ठिसूळ तुकडा असतो. तो पत्र्यावर पसरतच नाही. पसरण्याजोगा करण्यासाठी त्यात द्रावक, तेलं, दुसरी मऊ मेणं आणि बहुतेक वेळा सिलिकोन घालावं लागतं. तेव्हा ‘१०० टक्के’ याचा अर्थ, वापरलेलं कारनौबा भेसळीचं नाही, इतकाच. डबीतला त्याचा वाटा त्याहून पुष्कळ कमी असतो, आणि तो वजनानं सांगितला की आकारमानानं, यावरही आकडा बदलतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या टक्केवाऱ्यांची तुलना करून खरेदी करण्यात काही हशील नाही.

कारनौबाची चमक ‘उबदार’, ‘ओली’, ‘खोल’ असते आणि सिंथेटिकची ‘काचेसारखी’, असं शौकीन मंडळी सांगतात. काळ्या, मरून किंवा गडद निळ्या गाडीवर ताजं कारनौबा खरोखर देखणं दिसतं, हे मान्य. मात्र त्या देखणेपणातला मोठा भाग त्यातल्या तेलांचा असतो आणि तो सर्वांत आधी जातो. नीट तयार केलेल्या पत्र्यावर एका अर्ध्यात चांगलं कारनौबा आणि दुसऱ्या अर्ध्यात चांगलं सीलंट लावलं, तर सांगितल्याशिवाय फरक ओळखणं फार अवघड आहे. टिकाऊपणातला फरक मात्र कुणालाही कळतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि वरचेवर धुतल्या जाणाऱ्या गाडीवर कारनौबा महिना-दीड महिना टिकतं. सावलीत राहणाऱ्या गाडीवर थोडं जास्त.

सीलंट ही प्रयोगशाळेत घडवलेली बहुवारिकं. त्यांतली अमाइन जोडलेली सिलिकोनं रंगाला चांगली धरून राहतात आणि चार ते सहा महिने काम देतात. लावायला सोपी, उन्हाला चिवट, साबणाला बऱ्यापैकी दाद न देणारी. क्लीनर वॅक्समध्ये बारीक घासणारी पूड असते. तीन-चार वर्षं वापरलेल्या, थोड्या निस्तेज गाडीला ते एकदा लावलं तर डाग आणि बारीक चरे कमी होतात, पण नव्या गाडीवर ते दर महिन्याला वापरणं म्हणजे विनाकारण थर झिजवणं. ग्लेझ नावाचा प्रकार फक्त चरे भरून काढतो. सेकंडहँड गाडी विकायला काढताना ती एवढी चमकते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानं ती दोनदा धुऊन झाल्यावर पुन्हा पाहावी. स्प्रे वॅक्स धुण्यानंतरच्या ओल्या पत्र्यावर फवारून पुसायचं. ते एकट्यानं फार टिकत नाही, पण खालच्या थराचं आयुष्य वाढवतं.

टेफ्लॉन कोटिंगबद्दल स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे नव्या गाडीच्या बिलात ते सर्वांत सहज घुसतं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. तव्याला ते चिकटतं ते भट्टीतल्या उष्णतेनं. पीटीएफई सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, आणि त्या तापमानाला गाडीचा रंगच जळून जाईल. शोरूममध्ये हातानं लावलेल्या द्रवातली पीटीएफईची पूड पत्र्याला जोडली जात नाही. जी चमक दिसते ती त्याच द्रवातल्या मेणाची आणि सिलिकोनची. म्हणजे काही हजार रुपये देऊन आपण एक साधं सीलंट लावून घेतो. त्याऐवजी त्याच पैशांत वर्षभराचं सीलंट, शाम्पू आणि फडकी येतात.

सिरॅमिक कोटिंग ही मात्र वेगळ्या जातीची वस्तू आहे. सिलॉक्सेन किंवा सिलाझेन या रसायनांपासून ते बनतं. हवेतल्या ओलाव्यानं कडक होतं, रंगाला घट्ट धरतं आणि साबणानं उतरत नाही. चांगल्या हातून लावलेलं कोटिंग दोन-तीन वर्षं काम देतं. पण त्याच्या जाहिरातीतलं ‘९ एच’ फसवं आहे. ती पेन्सिलीच्या कडकपणाची चाचणी आहे. ९ एच पेन्सिलीनं चरा उठला नाही एवढाच तिचा अर्थ, आणि वाळूचा कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतो. एक-दोन मायक्रॉनच्या थरानं किल्लीचा ओरखडा किंवा उडालेला खडा अडत नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची जाड फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची, आणि तिचा खर्चही तसाच मोठा. सिरॅमिकचा दुसरा धोका असा, की खालचे चरे आधी काढले नाहीत तर ते त्याच थराखाली तसेच राहतात. कोटिंगच्या बिलातला खरा मोलाचा भाग त्याआधीच्या पॉलिशिंगच्या मजुरीचा असतो, आणि कोटिंग करणारा त्यावर किती वेळ देणार हेच आधी विचारायला हवं.

पाण्याचे गोल मणी बॉनेटवरून घरंगळताना दाखवणं हा सगळ्या जाहिरातींचा आवडता भाग. मणी होणं म्हणजे पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो आहे, इतकंच. त्यावरून चमकही कळत नाही आणि संरक्षणही पूर्ण कळत नाही. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या भागांत तर मणी त्रासदायकच ठरतात. थेंब जागीच आटतो, त्यातला कॅल्शियमचा क्षार एका वर्तुळात जमतो आणि भर उन्हात तो क्लिअर कोटमध्ये रुततो. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, काहीही लावलेलं असो, जड पाण्यानं धुतलेली गाडी लगेच पुसून कोरडी केली नाही तर डाग पडणारच. ताज्या डागावर पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्यानं ठेवला, थोड्या वेळानं धुऊन काढला, तर तो बहुधा जातो. जुना झाला की पॉलिश करावं लागतं.

महाराष्ट्राचं हवामान एकसारखं नाही, म्हणून एकच सल्ला सगळ्यांना देता येत नाही. नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात हवेचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं, तेव्हा उन्हातलं काळं बॉनेट ७० च्या आसपास तापतं. डबीतलं मिश्रण शुद्ध कारनौबापेक्षा लवकर मऊ पडतं, त्यामुळे तिथे मार्च ते जून कारनौबावर भिस्त ठेवू नये. सीलंटच हवं. याच उन्हात पक्ष्यांची विष्ठा सर्वांत जास्त नुकसान करते. क्लिअर कोट तापून थोडा मऊ होतो, वर विष्ठा वाळते, संध्याकाळी रंग आकसतो आणि तिचा ठसा त्यात कायमचा राहतो. कुठलंही वॅक्स याला फक्त काही तासांची सवलत देतं. गाडीत पाण्याची बाटली आणि मऊ फडकं ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय.

कोकणात आणि मुंबईत चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा. तिथे मेअखेरीस, पहिल्या पावसाआधी सीलंटचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडून, हे मी सगळ्यांत उपयुक्त मानतो. मुंबई-ठाणे-पुण्यात रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामांमुळे सिमेंटची धूळ सतत बसते. ती अल्कधर्मी असते, ओली झाली की चिकटते आणि कोरडी पुसली की पत्रा खरवडते. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडले की खाली उभ्या गाड्यांवर चिकट रस ठिबकतो. रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या मोहरात तुडतुडे पडले की तसाच चिकटा गाडीवर येतो. कोमट पाणी आणि शाम्पूनं तो ताजा असतानाच काढावा. कोल्हापूर-सांगली-सातारच्या साखर पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या पाचटाची आणि चिमणीची काळी राख गाड्यांवर उतरते. ती हलकी दिसते म्हणून लोक फडक्यानं झटकतात आणि तिथेच चरे पडतात. अशा सगळ्या ठिकाणी वॅक्सचा खरा उपयोग दिसण्यापेक्षा धुण्याला होतो. घाण रंगाऐवजी मेणाच्या थरावर बसते आणि कमी घासून निघते.

मराठवाड्यात वॅक्सच्या या उपयोगाला आणखी एक अर्थ आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. अशा भागात पाइप लावून गाडी धुणं मनाला पटत नाही आणि पटूही नये. चांगलं सीलंट असलेली गाडी एका बादलीत, नंतर पाण्यानं धुवावा न लागणाऱ्या रिन्सलेस शाम्पूच्या पाण्यानं साफ होते. फडकं घडी घालून प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू वापरायची, मळलेली बाजू पुन्हा गाडीला लावायची नाही. पाणी वाचवणं हा वॅक्स लावण्यामागचा मला सर्वांत पटणारा हेतू वाटतो.

आणि आपले सण. दसऱ्याला गाडीची पूजा होते, हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या माळेचा दोरा बॉनेटवर घासतो. पांढऱ्या गाडीवर ओलं कुंकू उन्हात राहिलं तर त्याची गुलाबी छटा उतरता उतरत नाही. रंगपंचमीच्या रंगांचंही तेच. पूजेच्या एक-दोन दिवस आधी सीलंट लावलेलं असेल तर हळद आणि रंग शाम्पूच्या एका धुण्यात निघतात.

गाडीचा रंग हा निवडीतला तितकाच मोठा मुद्दा. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर, आणि आपल्या रस्त्यांवर पांढऱ्याच जास्त, कुठल्याही वॅक्सनं डोळ्यांत भरणारी खोली येत नाही. त्या स्वच्छ असल्या की चमकतात. त्यांना महाग कारनौबा घेणं व्यर्थ आहे. साधं टिकाऊ सीलंट पुरे. काळी, मरून, गडद निळी गाडी असेल, ती झाकल्या जागेत राहत असेल आणि महिन्यातून एक रविवार तिच्यावर खर्च करण्याची आवड असेल, तर कारनौबाची पेस्ट जरूर घ्यावी. खाली सीलंट, ते एक दिवस वाळू द्यायचं, वर कारनौबाचा पातळ हात: टिकाऊपणा आणि ओली झळाळी दोन्ही मिळतात. उलट क्रमानं लावू नये, मेणावर सीलंट धरत नाही. मॅट रंगाच्या गाडीला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. वॅक्सनं तिच्यावर चकाकते डाग पडतात आणि ते काढताना मूळ रूप बिघडतं.

लावण्याच्या पद्धतीवर थोडं. भांड्याचा साबण वापरला तर आधीचं वॅक्स उतरतं, म्हणून नवं लावण्याआधी तो एकदा चालतो, रोजच्या धुण्याला नाही. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवावीत. खरखर लागली तर ब्रेकची लोखंडी भुकटी आणि रंगाचे उडालेले कण रुतलेले आहेत, ते क्ले बारनं, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीनं, भरपूर ओलावा ठेवून काढावेत. डांबराचे ठिपके काढायला डिझेल किंवा रॉकेलचं फडकं फिरवायची सवय आहे. त्या ठिपक्यापुरतं चालेल, पण लगेच धुवावं. अख्ख्या गाडीला चमकेसाठी डिझेल पुसणं सोडून द्यावं, त्यावर धूळ चिकटते आणि रबर खराब होतं. मग सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ थर. जाड थर टिकाऊ नसतो, तो फक्त पुसताना दमवतो आणि जास्तीचं वॅक्स फडक्यात जातं. धुरकट झाल्यावर बोट ओढून पाहायचं: मागे स्वच्छ रेघ राहिली तर पुसायला घ्यायचं, रेघ फासटली तर आणखी थांबायचं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी चिकटपट्टी लावावी, त्यांवर वाळलेल्या वॅक्सची पांढरी पुटं काढणं कष्टाचं असतं. चरे फार असतील तर हे सगळं करण्याआधी एकदा, फक्त एकदा, हलकं पॉलिश, शक्यतो ड्युअल ॲक्शन मशीननं आणि रंगाची जाडी मोजूनच.

नव्या गाडीचा रंग कारखान्यात १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, तिला पहिल्या दिवशीही वॅक्स चालतं. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या दरवाज्याची गोष्ट निराळी. तो रंग कमी उष्णतेवर वाळवलेला असतो आणि त्यातलं द्रावक पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतं, म्हणून महिना-दोन महिने त्यावर मेणाचा थर घालू नये. रंगारी जी मुदत सांगेल ती पाळावी. गाडी रंगवायला द्यायची असेल तर तिच्यावर सिलिकोनचं सीलंट होतं हेही त्याला आधीच सांगावं. नीट पुसलं गेलं नाही तर नव्या रंगात बारीक खळगे पडतात.

पुढचा हात कधी द्यायचा, याला दिनदर्शिका लागत नाही. धुताना पाणी पसरून पातळ पडद्यासारखं पत्र्यावर थांबू लागलं, पुसताना फडकं सरकण्याऐवजी अडखळू लागलं, की थर संपला. डबीच्या झाकणाच्या आत लावल्याची तारीख लिहून ठेवली तर आपल्या गावच्या उन्हात, आपल्या पाण्यात ते वॅक्स किती दिवस टिकतं हे दोन-तीन वेळांत कळतं, आणि पुढची खरेदी त्या आकड्यावर करता येते.